आधी बोट मोजा, मग पाहुणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीचं लग्न सात महिन्यांवर आलंय, ठिकाण समुद्रकाठचं आणि अगदी आडबाजूचं. जवळचा विमानतळ छोटा, तिथून १४० किलोमीटरचा एकच रस्ता, आणि रस्ता संपला की २५ मिनिटांची बोट. पाहुणे ८०, चार देशांतून येणारे. त्यांत सहा जण सत्तरीच्या पुढचे आणि नऊ लहान मुलं. प्रवासाचं सगळं तुमच्या गळ्यात पडलंय आणि तुम्ही विचारताय, की सगळ्यांची तिकिटं आपणच काढावीत का, पाहुण्यांना केव्हा आणि काय कळवावं, आणि ऐन वेळी हवा बिघडली तर काय.

मी गेली सोळा वर्षं लग्नांच्या पाहुण्यांची ने-आण बघते. सजावट, फुलं, फोटो यातलं मला फारसं कळत नाही. लग्न लागत असतं तेव्हा बहुतेक वेळा मी धक्क्यावर उभी असते, हातात यादी आणि एक डोळा पाण्याकडे. तेव्हा पुढचं सगळं धक्क्यावरून दिसणारं आहे असं समजून वाचा.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्यांच्याआधी एक चौथा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही: त्या बोटीत माणसं किती बसतात?

बहुतेक घरांत नियोजन पाहुण्याच्या दारापासून सुरू होतं. कोण कुठून निघणार, कुठलं विमान सोयीचं, कुठे बदलायचं. शेवटचा टप्पा ‘तिथे पोहोचल्यावर बघू’ म्हणून राहून जातो. आडबाजूच्या किनाऱ्यावर हे नेमकं उलटं करावं लागतं. मोठ्या विमानतळापर्यंत कुणीही पोहोचतो. एक विमान चुकलं तर दुसरं मिळतं. तिथून किनाऱ्याकडे सरकाल तसे पर्याय गळत जातात आणि शेवटी एक धक्का, एक बोट आणि एक बोटवाला उरतो. त्या जागेतून दिवसाला किती माणसं पार होतात, यावर विमानं, गाड्या, मुक्कामाच्या रात्री आणि लग्नाची वेळ ठरते. कधी कधी पाहुण्यांची संख्यासुद्धा.

आकडे मांडूनच बघा. बोट १२ जणांची धरू. चढायला १५ मिनिटं, पार व्हायला २५, उतरायला १५, रिकामी परत यायला २५. एक फेरी ८० मिनिटांची. ८० माणसांना सात फेऱ्या लागतात. शेवटच्या फेरीचं परतणं सोडून दिलं तरी पहिला माणूस चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंत ८ तास ५५ मिनिटं जातात. यात इंधन भरणं नाही, कप्तानाचं जेवण नाही, आणि ‘माझा चष्मा गाडीत राहिला’ म्हणून थांबलेली दहा मिनिटंही नाहीत. दोन बोटी घेतल्या तर हेच काम ४ तास ५५ मिनिटांत होतं, पण दोन्ही बोटी एका वेळी धक्क्याला लागू शकतात का, हे आधी विचारून घ्या. लागत नसतील तर दुसरी बोट भर उन्हात समोर तरंगत उभी राहते आणि तुम्ही विकत घेतलेला वेळ तिथेच जिरतो.

आणि ‘१२ जणांची बोट’ म्हणजे १२ माणसांची. १२ माणसं आणि त्यांच्या २० बॅगांची नव्हे. लग्नाला येणारा माणूस सहलीला येणाऱ्यापेक्षा जास्त सामान आणतो, कारण कपडे आणि भेटवस्तू दोन्ही असतात. सामानाची फेरी वेगळी काढा, माणसांच्या आधी किंवा नंतर, ताडपत्री टाकून. पाहुण्याजवळ फक्त पासपोर्ट, फोन, औषधं आणि पाण्याची बाटली. बॅगांना खोलीनुसार रंगीत फिती बांधल्या की पलीकडच्या काठावरचा अर्धा गोंधळ मिटतो.

बोटवाल्याला आणखी दोन गोष्टी विचारायच्या, आणि त्या फोनवर नाही, समोर उभं राहून. एक, परवान्यावर किती प्रवासी लिहिलेत. बोटवाला तोंडी सांगतो तो आकडा बहुतेक वेळा त्यापेक्षा मोठा असतो. दोन, लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का. तुमच्याकडे नऊ मुलं आहेत. मोठ्याचं जॅकेट चार वर्षांच्या मुलाला घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटू शकतं.

यानंतर पाणी. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. गुरुवारी सकाळी नऊला जाऊन धक्का पाहिला, पाणी छान होतं म्हणून शनिवारी नऊची वेळ ठरवली, तर शनिवारी तेच पाणी पावणेअकराच्या आसपास येणार. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त ओसरतं. उधाणाच्या ओहोटीला उथळ धक्क्याशी बोट लागतच नाही, आणि पाहुण्यांना गुडघाभर चिखलातून चालावं लागतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, तेव्हा हा फरक सगळ्यांत कमी. चांदण्यातले फोटो हवेत म्हणून मुद्दाम पौर्णिमेची तारीख घेणारी जोडपी मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी एवढंच सांगते, की चंद्रासोबत समुद्रही येईल. भरतीची वेळ चुकली तर मांडलेल्या खुर्च्यांची पहिली रांग पाण्यात असते.

माझ्या हातून झालेली सगळ्यांत लाजिरवाणी चूक याच पाण्याची आहे. युरोपातल्या एका किनाऱ्यावर जून महिन्यात लग्न होतं. मी भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं, नीट वाचलं, वेळा लावल्या. कोष्टक प्रमाणवेळेत छापलेलं होतं आणि उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं मी पाहिलंच नाही. माझी सगळी पाण्याची गणितं एका तासाने चुकली. शेवटची बोट धक्क्यापासून पन्नास मीटरवर गाळात बसली, आत चौदा पाहुणे, त्यांत नवऱ्याची आजी. पाणी पुरेसं चढेपर्यंत ती माणसं तिथेच. आजी खूश होत्या, त्यांना पक्षी दिसले. बाकी तेरा जणांचं मी इथे लिहीत नाही. तेव्हापासून कोष्टकातली वेळ मी स्थानिक बोटवाल्याला तोंडी विचारून पडताळते आणि त्याचं म्हणणं वेगळं निघालं तर त्याचंच धरते.

पाण्याच्या मर्जीने चालणारी ठिकाणं जगात पुष्कळ आहेत आणि तिथली रोजची माणसं याला अडचण मानत नाहीत. स्कॉटलंडमधल्या ‘बारा’ (Barra) नावाच्या बेटावर विमान समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत उतरतं. भरतीला धावपट्टी पाण्याखाली जाते, म्हणून विमानांचं वेळापत्रक भरतीप्रमाणे बदलतं. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा बुडतो. सुरक्षित वेळा आधीच जाहीर केलेल्या असतात, तरी ‘अजून पाच मिनिटं आहेत’ म्हणत गाडी घालणारे दरवर्षी अडकतात. तुमच्या पाहुण्यांमध्येही असा एखादा असणारच. त्याला स्वतःची गाडी चालवू देऊ नका.

रस्त्याबद्दल. एकच रस्ता असेल तर तो बंद पडू शकतो हे गृहीत धरूनच चाला. कॅनडात व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला टोफिनो नावाचं गाव आहे, लग्नांसाठी लोकप्रिय. ६ जून २०२३ रोजी कॅमेरॉन सरोवराजवळच्या वणव्यामुळे तिथे जाणारा एकमेव पक्का रस्ता, हायवे ४, बंद झाला. २३ जूनला तो उघडला, तोही एका लेनने, आळीपाळीने. मधले दोन आठवडे लाकूडतोडीच्या कच्च्या वाटांवरून काही तासांचा वळसा घ्यावा लागत होता. कॅलिफोर्नियातल्या बिग सरच्या किनाऱ्यावर मे २०१७ मध्ये मड क्रीक इथे डोंगराचा कडाच समुद्रात घसरला, आणि त्या जागेवरचा हायवे १ पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. दोन्ही ठिकाणी लग्नं ठरलेली असणार. तुमच्या रस्त्याचं असं काही होईल असं मी म्हणत नाही. पण दुसरी वाट कुठली, ती किती तासांची, आणि दुसऱ्या एखाद्या बंदरावरून थेट बोटीने येता येतं का, हे आजच एका कागदावर लिहून ठेवायला काही जात नाही.

नकाशाच्या ॲपवर जी वेळ दिसते ती एकट्या चालकाची, न थांबता जाणाऱ्याची असते. माझा अनुभव सांगतो, की लहान मुलं आणि वयस्क माणसं असलेल्या गाडीला त्याच्या दीडपट धरावं. किनाऱ्याचे रस्ते वळणांचे असतात, कुणाला तरी गाडी लागते, स्वच्छतागृहासाठी थांबावंच लागतं. आणि ५० आसनांची मोठी बस घेऊ नका. एक तर ती शेवटच्या वळणांवरून जाईलच असं नाही, काही अरुंद रस्त्यांवर बसच्या लांबीला मर्यादा असते. दुसरं म्हणजे मोठी बस सगळ्यांत उशिराच्या विमानासाठी सगळ्यांना अडकवून ठेवते. तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बस ५० जणांना एकदम धक्क्यावर ओतते आणि बोट नेणार १२. उरलेले ३८ जण सावली शोधत बसतात.

म्हणून गाडी बोटीच्या मापाची घ्यायची. बोट १२ ची असेल तर १२ जणांची तुकडी करा आणि तीच तुकडी विमानतळापासून पलीकडच्या काठापर्यंत एकत्र न्या: एक व्हॅन, एक बोट. प्रत्येक तुकडीत एक हुशार माणूस नेमा, ज्याच्याकडे बाकीच्या अकरांची नावं आहेत. हे एकदा जमलं की मला यादीतली ८० नावं सांभाळावी लागत नाहीत, सात माणसं सांभाळावी लागतात. व्हॅन ८० मिनिटांच्या अंतराने सोडायच्या, म्हणजे धक्क्यावर गर्दी साचतच नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. सगळ्यांची तिकिटं काढू नका. पासपोर्टवरच्या नावातलं एक अक्षर चुकलं की ते तुमचं काम होतं, रजा रद्द झाली की परताव्यासाठी तुम्ही फोन करत बसता, आणि कुणाला खिडकी मिळाली नाही हेही तुमच्याच खात्यावर जमा होतं. तिकीट पाहुण्याने काढावं. तुम्ही त्याला फक्त पोहोचायची मुदत द्यायची, आणि ती शेवटच्या बोटीपासून उलटी मोजायची. समजा त्या दिवशी उजेड आणि पाणी बघता शेवटची बोट साडेचारला सुटते. पाहुणे चारला धक्क्यावर हवेत. रस्त्याला साडेतीन तास धरले तर गाडी साडेबाराला निघाली पाहिजे. सामान गोळा होऊन माणसं गाडीत बसायला एक तास. म्हणजे विमान साडेअकराच्या आत उतरलं पाहिजे. मग पाहुण्यांना ‘शुक्रवारी संध्याकाळपर्यंत या’ असं कळवायचं नाही. ‘शुक्रवारी सकाळी ११:३० च्या आत उतरणारं विमान घ्या. त्यानंतर उतरणाऱ्यांना ती रात्र विमानतळाजवळ काढावी लागेल आणि बोट शनिवारी सकाळची मिळेल,’ असं कळवायचं. वाक्य कडक वाटतं, पण माणसाला त्यातून ठरवता येतं.

मात्र साडेअकराची मुदत दिली म्हणून सगळे शुक्रवारच्याच दिवशी येणार असतील तर पुन्हा अडचण. शुक्रवारी उजेडात आणि चालणाऱ्या पाण्यात समजा तुमच्या पाच फेऱ्या होतात, म्हणजे ६० माणसं. उरलेल्या २० जणांना गुरुवारी आणायलाच हवं. ते २० कोण, हे नशिबावर सोडू नका. वयस्क माणसं, लहान मुलांची कुटुंबं आणि ज्यांच्याशिवाय लग्न लागणार नाही ती माणसं गुरुवारी किंवा त्याआधीच पोहोचलेली बरी. जोडप्याने आणि विधी करणाऱ्याने दोन दिवस आधी, आणि शक्यतो वेगवेगळ्या विमानांनी.

हे वेगळ्या विमानांचं प्रकरण लोकांना उगाच वाटतं. छोट्या विमानतळांवर बहुतेक करून एटीआर ७२ सारखी छोटी विमानं येतात, जागा साधारण ७०, आणि काही ठिकाणी दिवसाला एकच फेरी. तुमचे ४० पाहुणे त्या एका विमानात असतील आणि ते रद्द झालं, तर दुसऱ्या दिवशीचं विमान मोकळं नसतं, त्यात त्या दिवसाचे प्रवासी आधीच असतात. ४० जणांना रिकाम्या जागांत बसवता बसवता तीन-चार दिवस जातात. म्हणून पाहुणे दोन-तीन दिवसांत आणि जमल्यास दोन विमानतळांत वाटून ठेवायचे. एकाच गावाहून दहा किंवा जास्त माणसं एकत्र निघणार असतील तर बऱ्याच विमान कंपन्या गटाचं आरक्षण देतात. त्यात भाडं धरून ठेवता येतं आणि नावं नंतर देता येतात, पण बदल करणं कठीण जातं. मला ते फक्त एका घरातल्या मंडळींसाठी पटतं.

विमान बदलून येणाऱ्यांना एक गोष्ट ठासून सांगा: दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यायचे. एकाच आरक्षणात पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढचं विमान देणं कंपनीचं काम असतं. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडली म्हणून घेतली तर दुसरी कंपनी म्हणते, ‘तुम्ही वेळेवर आला नाहीत’, आणि तिच्या बाजूने ते खरंच असतं. छोट्या विमानात डोक्यावरचे कप्पेही लहान असतात. चाकांची हातबॅग दारातच काढून घेतात आणि ती सामानात जाते. त्यामुळे अंगठ्या, कागदपत्रं आणि लग्नाचे कपडे अशा बॅगेत हवेत जी पायाशी मावते. बॅग काढून घेतली जात असेल तर पॉवर बँक आधी बाहेर काढा, तिला सामानात परवानगी नसते, आणि १०० वॉट-अवरच्या (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप) वरची असेल तर केबिनसाठीही कंपनीची मंजुरी लागते. कुणीतरी हौसेने फुलबाज्या आणतंच. त्या विमानात कुठेच चालत नाहीत.

दुसरा प्रश्न, केव्हा कळवायचं. सात महिने आहेत, म्हणजे या आठवड्यात बोटवाल्याशी बोलून घ्या आणि पुढच्या आठवड्यात कळवा. घाई व्हिसासाठी आहे. उदाहरणार्थ शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांत) लग्न असेल तर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, ते ४५ पर्यंत लांबू शकतात, आणि उन्हाळ्याच्या गर्दीत भेटीची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात. पासपोर्ट तिथून निघाल्यानंतर तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला लागतो. इतर बरेच देश सहा महिन्यांची मुदत मागतात. पहिल्याच निरोपात लिहा, ‘आज पासपोर्ट उघडून तारीख बघा.’ मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा लवकर संपते हेही लिहा. लग्नाला येऊ न शकलेले जे पाहुणे मला आठवतात त्यांत वादळाने अडलेल्यांपेक्षा पासपोर्टने अडलेले जास्त आहेत.

निरोप तीनच पाठवा. पहिला आत्ता: तारखा, विमानतळाचं नाव आणि त्याचं तीन अक्षरी चिन्ह, उतरायची मुदत, पासपोर्ट. चिन्ह का, तर एकाच नावाची गावं असतात. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेली माणसं कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या सिडनीला जाऊन उतरल्याची उदाहरणं खरी आहेत. दुसरा निरोप दहा आठवडे आधी, एक फॉर्म: तिकिटाची प्रत, सोबत कोण, चालताना मदत लागते का, बोट लागते का, तिथे असताना कुणाचा फोन लागेल. तिकिटाची प्रतच मागा, हाताने लिहिलेली वेळ नको. ‘शनिवारी रात्री साडेबाराचं विमान’ असं लिहिणाऱ्यांपैकी अर्ध्यांच्या डोक्यात शनिवारची रात्र असते आणि तिकिटावर शुक्रवारची रात्र उलटून सुरू झालेला शनिवार. तिसरा निरोप निघायच्या दोन दिवस आधी, चार ओळींचा: गाडी कुठे उभी असेल, तुकडीचा म्होरक्या कोण, कुठला नंबर लावायचा, पायात काय घालायचं. या चार ओळी कागदावर छापूनही द्या, कारण अशा किनाऱ्यावर नेमका धक्क्याजवळ फोनला सिग्नल नसतो. नंबर नवरा-नवरीचा नसावा. आणि तुम्ही भाऊ किंवा बहीण असाल तर तुमचाही नसावा. लग्नाच्या दिवशी तुम्ही फोन उचलू शकणार नाही.

सत्तरीच्या पुढच्या सहा जणांसाठी व्हीलचेअर विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवा. विमानतळावरचं ते सोपं काम आहे. अवघड काम आहे धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकणं. पाणी उतरलेलं असताना धक्का आणि बोटीची कड यांत मीटरभर उंचीचा फरक पडतो आणि बोट हलत असते. या सहा जणांची फेरी भरतीच्या वेळेला लावा, पाणी धक्क्याच्या पातळीला असतं तेव्हा. चढवायला दोन दणकट माणसं, एक बोटीत आणि एक धक्क्यावर. पाहुण्यांत कुणी गरोदर असेल तर बऱ्याच विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर नेत नाहीत. जुळी असतील तर मुदत आणखी आधी संपते.

बोट लागणाऱ्यांना बोटीच्या मध्याजवळ, थोडं मागच्या बाजूला बसवा आणि क्षितिजाकडे बघायला सांगा. फोनमध्ये बघणारा सगळ्यांत आधी वाकतो. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि बोटीत चढल्यावर नाही, निदान अर्धा-पाऊण तास आधी. कानामागे लावायची पट्टी तर चार तास आधी लावावी लागते आणि काचबिंदू असणाऱ्यांना ती चालत नाही. या औषधांनी गुंगी येते, वर मद्य घेतलं तर फारच.

आता तिसरा प्रश्न, हवा. पहिली खबरदारी तारीख ठरवतानाच घ्यायची असते. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही सप्टेंबर सगळ्यांत वाईट. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरात एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. दक्षिण प्रशांतात नोव्हेंबर ते एप्रिल. तुमची तारीख यात बसत असेल तर पाहुण्यांना प्रवासविमा तिकिटाबरोबरच घ्यायला सांगा. वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळाचं नुकसान सहसा भरून देत नाही.

पण लग्नं बहुतेक वेळा वादळाने अडत नाहीत, साध्या वाऱ्याने अडतात. ऊन स्वच्छ पडलेलं असतं आणि बोट बंद असते. पाहुण्यांना हे पटत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवा. बोटवाल्याला विचारा, किती वाऱ्याला तुम्ही बोट काढत नाही? त्याने सांगितलेला आकडा लिहून घ्या. मग पाच दिवस आधीपासून रोज अंदाज बघायचा, त्याआधी बघून नुसती झोप जाते. ७२ तासांवर सावधगिरीची सूचना: ज्यांना जमेल त्यांनी एक दिवस आधी निघा. ४८ तासांवर मुख्य भूमीवरची पर्यायी जागा पक्की करायची. २४ तासांवर शेवटचा निर्णय, आणि तो एकाच माणसाने घ्यायचा. धक्क्यावर उभं राहून दोन्हीकडचे काका-मामा निर्णय घेऊ लागले की बोटवाल्यावर दबाव येतो. कप्तान नाही म्हणाला तर विषय संपला. त्याला जास्त पैसे देऊन ‘बघा ना जमतंय का’ म्हणणारे यजमान मी पाहिलेत, आणि एकदा अशा वेळी मी काम सोडून निघून आले आहे.

पर्यायी जागेसाठी धक्क्याच्या अलीकडे, रस्त्याच्या टोकाला, ३०-४० माणसं एक रात्र काढू शकतील एवढी सोय शब्द देऊन ठेवा. ती बहुधा साधीच असेल. वापरायची वेळ आली नाही तरी तिचे पैसे गेले असं समजू नका, तिच्या जिवावर तुम्ही २४ तासांचा निर्णय शांत डोक्याने घेता.

परतीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. कुणीच विचारत नाही. येताना माणसं दोन-तीन दिवसांत विखुरलेली येतात. जाताना सगळ्यांना एकाच सकाळी निघायचं असतं, रात्री उशिरापर्यंत जागून. दिवसाला ६० माणसांचा हिशेब परतीलाही तोच आहे, म्हणून २० जणांनी आणखी एक दिवस राहायचं हे आधीच ठरवा. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना ते सहसा आवडतंच. परतीचं विमान दुपारी तीनच्या आधीचं घेऊ नका, असं पहिल्याच निरोपात लिहा, आणि आदल्या रात्री प्रत्येक खोलीच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवा: तुमची फेरी किती वाजता, बॅग दाराबाहेर किती वाजता.

त्या मोकळ्या दिवशी तरुण मंडळी स्कूबा डायव्हिंगला जातील. बुडी मारल्यावर लगेच विमानात बसता येत नाही. एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि जास्त बुड्या मारल्या असतील तर निदान १८ तास थांबावं लागतं, नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाल्यावर बुडबुडे धरतो. डायव्हिंगवाला हे सांगतो, पण तुमच्या पाहुण्याचं विमान कधी आहे हे त्याला माहीत नसतं. ते तुमच्या यादीत असतं. तेव्हा डायव्हिंगला जाणाऱ्यांची नावं आदल्या संध्याकाळी त्या यादीशी ताडून घ्या आणि ज्यांच्या विमानाआधी एवढे तास उरत नाहीत त्यांना किनाऱ्यावरच बसवा.